खंबातच्या आखातात खांब ठोकायच्या आधी आवाजाचं बघा

संपादक साहेब, नमस्कार

गणपती आले की बडोद्यात डीजेच्या आवाजावरून तुमच्याकडे ढीगभर पत्रं येतात, यायलाच हवीत, पण ज्या समुद्राकाठी आपण कावी-कंबोईला स्तंभेश्वराच्या दर्शनाला जातो त्याच्या पाण्याखाली काय गोंगाट चालतो हे कुणी विचारत नाही. आपला 2000 सालचा ध्वनिप्रदूषणाचा नियमसुद्धा हवेतल्या आवाजापुरताच आहे.

विषय आत्ताच काढायचं कारण म्हणजे 2024 मध्ये केंद्राने गुजरातच्या समुद्रात 500 मेगावॅटच्या पवनचक्क्यांसाठी मदत मंजूर केली, आणि जागा ठरलीय खंबातच्या आखाताच्या तोंडाशी, पिपावावच्या बाजूला. मी पवनचक्क्यांच्या विरोधात मुळीच नाही, स्वच्छ वीज पाहिजेच. पण त्यांचे लोखंडी खांब तळात हातोड्याने ठोकतात, एकेका खांबाला हजारो ठोके पडू शकतात, आणि पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने, सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो आणि लांबवर पोचतो. उत्तर समुद्रात असं काम चालू असताना वीसेक किलोमीटरपर्यंतचे पोर्पॉइज (डॉल्फिनसारखेच छोटे सस्तन प्राणी) जागा सोडून गेलेले दिसलेत.

आणि आपली घोळ! 2023 मध्ये गुजरातने तिला राज्यमासा केलं. तिच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला बाजारात केवढा भाव येतो ते सगळ्यांना माहितीय, पण हे मासे त्याच पिशवीजवळचे स्नायू थरथरवून ढोलासारखा आवाज काढतात आणि विणीच्या दिवसात एकमेकांना हाका मारतात, हे किती जणांना माहितीय? जहाजांची घरघर त्याच खालच्या पट्टीत असते म्हणजे हाक ऐकूच जात नाही, आणि ठोकण्याचा दाब जवळ असेल तर माशांची ती पिशवी फाटूही शकते. शिवाय आपल्या किनाऱ्याला हंपबॅक डॉल्फिन आहेत, ते तर आवाजावरच शिकार शोधतात, गढूळ पाण्यात डोळ्यांचा काय उपयोग.

बरं, हे प्रदूषण बंद केलं की लगेच जातं, प्लास्टिकसारखं राहत नाही. 2001 च्या सप्टेंबरात अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर जहाजं कमी झाली तेव्हा कॅनडाच्या बे ऑफ फंडीत आवाज 6 डेसिबलने उतरला आणि तिथल्या राइट व्हेल जातीच्या देवमाशांच्या विष्ठेतले ताणाचे हार्मोनही उतरले.

जर्मनीत मर्यादाच घातलीय, ठोकण्याच्या जागेपासून 750 मीटरवर एका ठोक्याला 160 डेसिबल (हे पाण्यातलं माप आहे, डीजेच्या मापाशी ताडून बघू नका). त्यासाठी खांबाभोवती तळाशी भोकं पाडलेला पाइप टाकून कॉम्प्रेसरने हवा सोडतात, बुडबुड्यांचा पडदा तयार होतो आणि बराच आवाज तिथेच अडतो. मग आपल्या टेंडरमध्ये ही अट का नको? मर्यादा, बुडबुड्यांचा पडदा, पाण्याखाली मायक्रोफोन लावून रोजची मोजणी, आणि पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीत ठोकणंही बंद. गुजरातच्या खासदारांनी हे दिल्लीत विचारावं आणि तुमच्या पेपरनेही त्यांना विचारावं, काम सुरू व्हायच्या आधी.

आपला,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा