नूरजहानबाईंचं नाव कुठे आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला बांगलादेशातल्या स्त्री-नेतृत्वावरचा लेख वाचला. लेखकाने मेहनत घेतली आहे, हे मान्य. पण पानभर लेखात बायका दोनच. एक देशाचे संस्थापक शेख मुजीब यांची मुलगी शेख हसीना, दुसरी माजी राष्ट्राध्यक्ष झियाउर रहमान यांची पत्नी खालिदा झिया. आणि तेवढ्यावरून निष्कर्ष असा, की त्या देशात बाई राजकारणात येते ती वडिलांच्या नाहीतर नवऱ्याच्या माघारी. हे साफ चूक आहे, आणि इतकं ठामपणे छापून यावं याचा मला फार राग आला.

नूरजहान मुर्शिद १९५४ साली मुस्लिम लीगविरोधी पक्षांच्या युक्त आघाडीतर्फे पूर्व बंगालच्या, म्हणजे आजच्या बांगलादेशाच्या, विधानसभेवर निवडून आल्या, तेव्हा शेख हसीना शाळकरी पोर होत्या. नूरजहानबाई मूळच्या मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या. कोलकात्यात शिकल्या, आकाशवाणीवर काम केलं, बरिशालच्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका झाल्या. कोणाच्या पुण्याईवर त्यांना मतं मिळाली? त्यांच्याबरोबरच निवडून आलेल्या बद्रुन्नेसा अहमद यांचाही लेखात पत्ता नाही. ढाक्यातल्या बक्षीबाजारचं सरकारी महिला महाविद्यालय आजही त्यांच्या नावाने चालतं.

१९७१ च्या स्वातंत्र्ययुद्धात नूरजहानबाई भारतात आल्या. फणिभूषण मजुमदार यांच्या नेतृत्वाखालच्या शिष्टमंडळातून दिल्लीला गेल्या आणि आपल्या संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या सदस्यांसमोर उभं राहून बांगलादेशला मान्यता द्या, अशी मागणी त्यांनी केली. त्याबद्दल पाकिस्तानच्या याह्याखानांच्या लष्करी राजवटीने त्यांना गैरहजेरीत चौदा वर्षांची शिक्षा ठोठावली. आपण मान्यता दिली ती ६ डिसेंबरला. ही तारीख तुमच्या लेखात आहे. ती मागायला आलेली बाई नाही.

स्वातंत्र्यानंतर १९७२ मध्ये त्या आरोग्य व समाजकल्याण खात्याच्या राज्यमंत्री झाल्या. ते खातं त्या वर्षी काय होतं, याचा विचार करा. भारतातून परतणारे जवळपास एक कोटी निर्वासित, उद्ध्वस्त दवाखाने, आणि पाकिस्तानी लष्कराच्या छावण्यांतल्या अत्याचारांतून सुटलेल्या, घरच्यांनी दारात उभ्या न केलेल्या मुली. त्यांच्यासाठी न्यायमूर्ती के. एम. सोभान यांच्या अध्यक्षतेखाली जे पुनर्वसन मंडळ झालं, त्यात नूरजहानबाई, बद्रुन्नेसा आणि प्राध्यापिका नीलिमा इब्राहिम होत्या. गर्भपात, दत्तक मुलं, शिवणकामाचे वर्ग, नोकऱ्या, सगळं या बायकांनी अंगावर घेतलं. शेख मुजीब यांचा बळी घेणाऱ्या १९७५ च्या हत्याकांडानंतर नूरजहानबाईंनी राजकारण सोडलं, काम नाही. पुढे मासिक काढलं, महिला समितीचं काम पाहिलं. आणि ऑगस्ट २०२४ नंतरच्या अंतरिम सरकारात समाजकल्याण खातं सांभाळायला आल्या त्या शर्मीन मुर्शिद त्यांच्याच कन्या, हे तरी लिहायचं!

मला हे एवढं का लागलं, तेही सांगते. १९७१ च्या पावसाळ्यात माझ्या आईने आमच्या गल्लीतल्या बायका जमवून निर्वासितांसाठी कपडे, भांडी, धान्य गोळा केलं होतं. आमचा सोपा पोत्यांनी भरून गेला होता. नोव्हेंबरात पत्रांवर पाच पैशांचं निर्वासित मदतीचं जादा तिकीट सुरू झालं, तेव्हा पोस्टात कुरकुर करणाऱ्यांना आई तिथेच उभी राहून समजावत असे. पोती रवाना झाली त्या दिवसाची बातमी एका स्थानिक पत्रात आली. नगराध्यक्षांचं नाव, पोती भरायला ट्रक देणाऱ्या व्यापाऱ्याचं नाव, आणि शेवटच्या ओळीत ‘वकीलसाहेबांच्या सौभाग्यवतींनीही सहकार्य केले’. आईने ती बातमी वाचली, घडी घातली आणि स्वयंपाकाला लागली. त्यावर ती कधी बोलली नाही. मी मात्र विसरले नाही. बाईने काम करायचं आणि नाव तिच्या नवऱ्याच्या खाती जमा व्हायचं, हे तेव्हाही चाललं आणि कालच्या तुमच्या लेखातही तेच झालं. फरक इतकाच, की आईचा निदान नवऱ्यामार्फत उल्लेख तरी झाला. नूरजहानबाईंचा तोही नाही.

जाता जाता छायाचित्राबद्दल. शेख मुजीब आणि इंदिराजी शेजारी उभे आहेत, आणि खाली ओळ आहे ‘डिसेंबर १९७१’. डिसेंबर १९७१ मध्ये मुजीब पाकिस्तानच्या तुरुंगात होते. ८ जानेवारी १९७२ ला सुटले, लंडनमार्गे १० तारखेला दिल्लीत उतरले आणि त्याच दिवशी ढाक्याला गेले. शाळेत मी मुलांचे अशा चुकीसाठी गुण कापत असे. दुरुस्ती छापा, आणि पुरवणीच्या पानावरच छापा. मागच्या वेळेसारखी आतल्या पानाच्या कोपऱ्यात, भिंगाने वाचावी लागेल अशी नको.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका, मिरज