एलईडी घेण्याआधी नको असलेले दिवे काढा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईतील कार्यालयांत वीजबचतीचा विषय निघाला की चर्चा थेट एलईडीच्या खरेदीवर येते. जुन्या ट्यूब बदलाव्यात याबद्दल दुमत नाही. पण त्याआधी कोणता दिवा नेमका कोणासाठी जळतो हे एकदा फिरून पाहायला हवे. ज्या दिव्याची गरजच नाही, तो कितीही कमी वीज खाणारा असला तरी त्यावरचा खर्च वायाच जातो.

टेबलांची मांडणी दर काही वर्षांनी बदलते, छतावरचे दिवे मात्र जिथल्या तिथे राहतात. मी फोर्टमधील ज्या कार्यालयात काम करतो, तिथे फायलींच्या कपाटांच्या बरोबर वर ट्यूबची अख्खी रांग दिवसभर चालू असते आणि तिचा बहुतेक उजेड कपाटांवर रचलेल्या जुन्या गठ्ठ्यांवर पडतो. जुन्या चोकची ३६ वॅटची एक ट्यूब चोकसकट सुमारे ४८ वॅट वीज घेते. रोज दहा तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरले, तर ती १४४ युनिट होते. युनिटला दहा रुपये पडतात असे मानले, तरी एका ट्यूबमागे १,४४० रुपये. शिवाय ही वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते आणि ती बाहेर काढण्यासाठी वातानुकूलन यंत्राला जास्त राबावे लागते.

खिडकीलगतच्या दिव्यांची गोष्ट वेगळी आहे. पावसाळ्यात भर दुपारी अंधारून येते, म्हणून ते काढून चालणार नाही. अडचण आहे ती बटणांची. अनेक ठिकाणी खिडकीपासून आतल्या भिंतीपर्यंतचे सगळे दिवे एकाच बटणावर असतात, त्यामुळे आतल्या माणसाला उजेड हवा म्हणून खिडकीजवळचे दिवे लख्ख उन्हातही जळत राहतात. खिडकीला समांतर असलेल्या प्रत्येक रांगेला वेगळे बटण देणे हे वायरमनचे एक-दोन दिवसांचे काम आहे आणि माझ्या मते कोणत्याही नव्या खरेदीआधी तेच व्हायला हवे.

मात्र ही कपात सरसकट ‘एक सोडून एक’ अशी करू नये. टेबलावर पडणारा उजेड लक्समीटरने मोजावा, तिथे बसणाऱ्यांना विचारावे आणि बारीक अक्षरांचे काम करणाऱ्याला टेबलावरचा छोटा दिवा द्यावा; बचतीपायी कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांना त्रास होता कामा नये. जिने आणि आपत्कालीन मार्ग यांवरील दिव्यांना तर हातच लावू नये. ट्यूब काढलेल्या पट्टीवर तशी चिठ्ठी चिकटवावी, नाहीतर पुढच्या फेरीत वायरमन तिथे नवी ट्यूब बसवून जातो. काढलेल्या ट्यूबमध्ये पारा असतो, म्हणून त्या कचऱ्यात न फेकता अधिकृत ई-कचरा केंद्राकडेच द्याव्यात.

आपला विश्वासू,
एक नोकरदार वाचक, मुंबई