हमीपत्रावरची सही आणि माफीनामा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

महाविद्यालयात प्रवेश घेताना विद्यार्थी आणि पालक ज्या हमीपत्रावर सही करतात, ते आधी वाचून पाहणारा विद्यार्थी मला माझ्या सव्वीस वर्षांच्या अध्यापनात क्वचितच भेटला. गुणपत्रिका, दाखले आणि शुल्काच्या पावत्या यांच्या गठ्ठ्यात तो कागद येतो, लिपिक सहीची जागा दाखवतात आणि काम संपते. नियमांशी विद्यार्थ्याची खरी गाठ पडते ती पुढे कधीतरी, त्याच्यावर आरोप आल्यावर, आणि तेव्हा त्याच्यासमोर दुसरा कागद येतो, तो माफीनाम्याचा.

मी नऊ वर्षे शिस्तपालन समितीचा सदस्य होतो. प्रयोगशाळेतील एक उपकरण फुटल्याबद्दल आम्ही एका विद्यार्थ्याला प्राचार्यांच्या केबिनमध्ये बोलावले, त्याचे ओळखपत्र काढून घेतले आणि पालकांना बोलावण्याची ताकीद देऊन त्याच्याकडून माफीनामा लिहून घेतला. काय घडले, हे आम्ही त्याला विचारलेच नाही. उपकरण दुसऱ्याच्या हातून फुटले होते, हे पंधरा दिवसांनी कळले. तरीही तो माफीनामा फाइलमध्येच राहिला, आणि तो काढून त्या मुलाच्या हाती देण्याचे मला सुचले नाही, याची खंत आजही वाटते. त्या मुलाने वर्ष संपेपर्यंत माझ्या तासाला एकही प्रश्न विचारला नाही.

ही झाली विनाकारण झालेली कारवाई. याच तोंडी कारभाराची दुसरी बाजू मला अधिक गंभीर वाटते. एखाद्या विद्यार्थिनीला सतत त्रास देणाऱ्या मुलाबद्दल तक्रार येते, तेव्हा ‘मुलाच्या भवितव्याचा प्रश्न आहे’ असे म्हणून त्याच्या वडिलांना दाखला काढून न्यायला सांगितले जाते. मुलगा दुसऱ्या महाविद्यालयात कोऱ्या पाटीने जातो. तक्रार करणारी मुलगी मात्र तेथेच शिकत राहते आणि तिच्या तक्रारीचे काय झाले हे सांगणारी एक ओळही तिच्या हाती नसते. संस्थेचे नाव वाचले, असे आपण समजतो. पण त्या मुलीपुरते ते नाव त्याच दिवशी गेलेले असते.

कायदा याबाबत मुका नाही. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंधक अधिनियमानुसार तक्रार आल्यापासून सात दिवसांच्या आत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची आहे. तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य आढळले तर विद्यार्थ्याला निलंबित करून ती पोलिसांकडे पाठवायची आहे आणि तथ्य नसेल तर तक्रारदाराला तसे लेखी कळवायचे आहे. यात कुचराई करणाऱ्या संस्थाप्रमुखालाच अपराधास साहाय्य केल्याचा दोष लागतो. आरोपीच्या बाजूचा विचारही फार पूर्वी झाला आहे. उत्तर प्रदेशातील परीक्षा मंडळाने गैरमार्गाचा ठपका ठेवून तीन परीक्षार्थींचे निकाल रद्द केले होते, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली स्पष्ट केले की, अशी शिक्षा देण्यापूर्वी परीक्षार्थीला आपली बाजू मांडण्याची संधी मिळालीच पाहिजे. साठ वर्षांनंतरही आपल्या केबिनमध्ये ही संधी म्हणजे ‘तुला काही म्हणायचे आहे का?’ असा दरडावून विचारलेला एक प्रश्न असतो.

वर्तनाच्या नियमांबद्दलही लिहिले पाहिजे. बहुतेक माहितीपुस्तिकांत पोशाख, मोबाइल आणि आवारात घोळक्याने उभे राहणे यांवर सविस्तर कलमे असतात आणि शेवटी ‘महाविद्यालयाच्या प्रतिमेस बाधा येईल असे कोणतेही वर्तन’ हे एक सर्वसमावेशक कलम असते, ज्यात वसतिगृहातील पाण्याबद्दल समाजमाध्यमावर केलेली तक्रारही बसवता येते. याउलट, मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याचा प्रकल्प नाव बदलून सादर करणे किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेकडून निबंध लिहून घेणे यांबद्दल बहुधा अवाक्षर नसते. संशोधन प्रबंधातील वाङ्मयचौर्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली पायऱ्या आखून दिल्या. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, १० ते ४० टक्क्यांपर्यंत सुधारून पुन्हा सादर करायचे, आणि ६० टक्क्यांच्या वर गेले तर नोंदणीच रद्द. अपराध किती मोठा आणि शिक्षा किती, हे येथे संशोधकाला आधीच माहीत असते. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलाला मात्र दुसऱ्याचा परिच्छेद उतरवताना संदर्भ द्यायचा असतो, एवढेही कोणी शिकवलेले नसते, आणि तरी पकडला गेल्यावर आपण त्याला चोर म्हणतो.

विद्यार्थ्यांना मोकळीक द्या, असे माझे म्हणणे नाही. वर्गात गोंधळ घालणारा, कॉपी करणारा, दुबळ्या सहाध्यायाला छळणारा विद्यार्थी इतरांच्या शिक्षणाचा हक्क हिरावून घेतो आणि त्याच्यावर कारवाई झालीच पाहिजे. परंतु ती कारवाई कागदावर यावी. आरोप नेमका काय आहे हे लेखी कळवावे, उत्तर द्यायला पुरेसे दिवस द्यावेत, ज्या प्राध्यापकाची तक्रार आहे त्यानेच निवाड्याला बसू नये, आणि निर्णयाची कारणमीमांसेसह प्रत तक्रारदार व आरोपी दोघांनाही मिळावी. आयोगाच्या २०२३ च्या तक्रार निवारण विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीला पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि त्यानंतर विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालाकडे दादही मागता येते. हा मार्ग किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे, हे प्राचार्यांनी एकदा आपल्याच वर्गांत विचारून पाहावे.

नव्या वर्षाचे प्रवेश सुरू होतील तेव्हा पहिल्या आठवड्यातील एक तास या नियमांच्या वाचनासाठी राखून ठेवावा, विद्यार्थ्यांच्या शंकांना उत्तरे द्यावीत आणि हमीपत्रावरची सही त्यानंतरच घ्यावी, अशी माझी सर्व महाविद्यालयांना कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राध्यापक