नसलेले दोन सूर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. शेजारची नऊ वर्षांची मुलगी तुझ्या दारात येते, खिशातून माउथ ऑर्गन काढते आणि ‘मला शिकवाल का?’ म्हणून विचारते, हे वाचून मला इतका आनंद झाला की पत्र तसंच ठेवून मी उठलो आणि तासभर वाजवत बसलो. पुढे तू लिहिलं आहेस, ‘मला वाजवता येतं, पण शिकवायचं कसं ते सुचत नाही. तू इतकी वर्षं नेमकं काय करतोस ते सांग.’ ४३ वर्षं मी हेच करतोय, पण असं सरळ कुणी विचारलं नव्हतं. तेव्हा पत्र लांबणार आहे, निवांत बसून वाच.

आधी एक गोष्ट लक्षात घे. आपलं वाद्य दाखवून शिकवता येत नाही. पेटी वाजवणाऱ्याची बोटं दिसतात, तबलजीचे हात दिसतात, बासरीवाल्याचे निदान ओठ दिसतात. आपलं सगळं चालतं ते बंद तोंडाच्या आत. जिभेचं मूळ कुठे आहे, घसा किती मोकळा आहे, जीभ आणि टाळू यांच्यामध्ये किती फट उरली आहे, यातलं काहीही शिकणाऱ्याला दिसत नाही. वाजवणाऱ्याला स्वतःलाही दिसत नाही, फक्त जाणवतं. माझी शिकवण्याची सगळी वर्षं या एका अडचणीशी झगडण्यात गेली, आणि मला ती अडचणच आवडली म्हणून मी टिकलो.

तिच्याकडचा बाजा दहा होलचा, सी कीचा (म्हणजे ‘सी’ हा सा धरून जुळवलेला) आहे असं तू लिहिलंस, ते फार चांगलं झालं. आता तुझाही काढ आणि मी सांगतो तसं बघ. मधलं सप्तक ४ नंबरच्या होलवर सुरू होतं. फुंकलं की सा, ओढलं की रे. ५ वर ग आणि म, ६ वर प आणि ध. सातव्यावर मात्र उलटं होतं, तिथे आधी ओढून नी घ्यायचा आणि मग फुंकून वरचा सा. प्रत्येक नवा विद्यार्थी या सातव्यावर अडखळतो. तीही अडखळेल. तेव्हा चूक म्हणू नकोस, इथे श्वास वळतो एवढंच सांग.

आता पहिल्या तीन होलवर ये. १ वर सा आणि रे आहेत, २ वर फुंकून ग आणि ओढून प, ३ वर फुंकून पुन्हा तोच प आणि ओढून नी. म नाही, ध नाही. रिक्टर पद्धतीच्या या मांडणीत खालचं सप्तक मुद्दाम असं तुटकं ठेवलेलं आहे. साध्या नाचाच्या चाली वाजवताना फुंकल्यावर एक कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे जुळते सूर मिळावेत आणि ओढल्यावर तिला जोड देणारी दुसरी मिळावी, यासाठी दोन सूर सोडून दिले. बनवणाऱ्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होतं.

पण ते दोन सूर मिळतात. दुसऱ्या होलचा ओढलेला प अर्ध्या-अर्ध्या स्वराने दोनदा खाली वाकवला की म, तिसऱ्याचा नी तसाच वाकवला की ध. बेंड म्हणतो ते हेच. गाणारा माणूस मींड घेऊन खाली उतरतो ना, तसं. एका होलमध्ये दोन रीड, म्हणजे थरथरून सूर काढणाऱ्या पितळेच्या पातळ पट्ट्या असतात, एक फुंकल्यावर बोलणारा, एक ओढल्यावर. तोंडाच्या आतली पोकळी जीभ मागे घेऊन मोठी केली की ओढण्याच्या रीडचा सूर खाली सरकतो आणि गप्प असलेला दुसरा रीड हळूहळू बोलायला लागतो. म्हणून बेंड त्या दुसऱ्या रीडच्या सुराच्या जरा वर येऊन थांबतो, त्याच्याखाली जात नाही. पाचव्या होलवर दोन सुरांमध्ये अंतरच अर्ध्या स्वराचं, म्हणून तिथे वाकवायला जवळजवळ काही उरत नाही. हे समजलं तेव्हा मी विशीत होतो आणि रात्रभर जागा होतो. जे सूर बाज्यात ठेवलेलेच नाहीत, ते आपल्या तोंडात तयार होतात! तेव्हापासून मला दुसरं काही करावंसं वाटलं नाही.

आता हे शिकवायचं कसं? मी खूप मार्ग करून पाहिले. श्वास आत ओढत शीळ घालायला लावतो आणि ती शीळ वरून खाली आणायला सांगतो, जिभेची हालचाल जवळपास तीच असते. ‘ई’ म्हणता म्हणता ‘ऊ’ वर यायला सांगतो, पण आवाज न काढता, नुसत्या श्वासात. कधी विद्यार्थ्याला त्याचीच दोन बोटं हनुवटीखाली, गळ्याच्या वरच्या मऊ भागावर ठेवायला लावतो. बेंड नीट लागला की तिथे जिभेचं मूळ खाली दबल्याचं बोटांना कळतं. माझ्यापाशी ‘दाखवणं’ म्हणावं असं एवढंच आहे.

एका मुलाचं सांगतो. बारा-तेरा वर्षांचा, कष्टाळू, पण चौथ्या होलचा बेंड काही केल्या येईना. सात आठवडे झाले. ओठ आवळायचा, गाल आत घ्यायचा, जोरात ओढायचा, आणि सूर जागचा हलत नव्हता. मीही थकलो होतो. एका संध्याकाळी तोंडात बाजा धरलेला असतानाच त्याला जांभई आली. ओठ बाज्यावर, जबडा खाली, घसा सगळा मोकळा, आणि चौथ्या होलचा रे लांब, गोल होत खाली घसरला. दोघेही दचकलो. मी त्याला म्हटलं, ‘बाळा, पुन्हा जांभई दे.’ खोटी जांभई द्यायला त्याला दोन दिवस लागले, पण त्यानंतर बेंड त्याला कधी सोडून गेला नाही. सात आठवडे मी त्याला जीभ कुठे न्यायची ते सांगत होतो. त्याला हवा होता तो सैल पडलेला घसा, आणि ते शब्दांत सांगण्याची माझी पद्धतच चुकत होती. तेव्हापासून बेंड शिकवताना मी ‘ओढ’ हा शब्द वापरत नाही. ‘आत येऊ दे’ म्हणतो.

तुलाही हेच सांगणं आहे. पहिल्या दिवशी गाणं नको. आकडे तर नकोच. ४ फुंक, ४ ओढ, ५ फुंक असं कागदावर लिहून दिलं की मूल अर्ध्या तासात एखादी चाल वाजवतं आणि घरचे खूश होतात, पण मग त्याचे डोळे कागदावर चिकटतात आणि कान बंद होतात. सुरुवातीची पाच-सहा वर्षं मी असंच शिकवलं. कागद नसला की हातपाय गळणारी कितीतरी मुलं मी तयार केली. त्यातली काही सोडून गेली आणि तो दोष माझा होता, हे मला आजही लागतं.

पहिल्या दिवशी तिला पहिली तीन होल एकदम तोंडात धरायला सांग आणि नुसता श्वास घ्यायला लाव. आत, बाहेर. जोर नको, झोपलेल्या माणसासारखा. फुंकून वाजवायची दुसरी वाद्यं बहुतेक करून बाहेर सोडलेल्या श्वासावर वाजतात. आपल्याकडे आत घेतलेला श्वासही वाजतो. जगण्यासाठी जे चाललेलंच आहे, त्याचाच आवाज होतो. लहान मुलाला हे समजावावं लागत नाही, फक्त वेळ द्यावा लागतो. फुप्फुसांच्या जुन्या आजाराच्या रुग्णांना श्वासाचा व्यायाम म्हणून काही ठिकाणी माउथ ऑर्गन वाजवायला देतात, ते याचमुळे.

लोक याला खेळणं म्हणतील, तयारी ठेव. मी तरुण असताना एका संगीत विद्यालयात शिकवण्याची परवानगी मागायला गेलो होतो. तिथल्या प्रमुखांनी माझा बाजा हातात घेऊन उलटा-पालटा केला आणि ‘हे वाद्य नाही’ असं म्हणून परत दिला. वाजवून दाखवू का, असं विचारायचंही मला सुचलं नाही. घरी येऊन खूप रडलो. त्या दिवसांत मला टॉमी रायलीच्या हकिकतीने धरून ठेवलं. कॅनडात जन्मलेला हा माणूस १९३९ मध्ये लाइपझिगला व्हायोलिन शिकत होता. युद्ध सुरू झालं, पकडला गेला आणि युद्ध संपेपर्यंत जर्मनांच्या छावण्यांत बंदी होता. तिथे तो माउथ ऑर्गनचा रियाज करत राहिला, आणि सुरांचं वाक्य कसं सुरू करायचं, कसं सोडायचं हे त्याने यशा हायफेट्झच्या व्हायोलिनवरून घेतलं. सुटल्यावर तो मोठमोठ्या वाद्यवृंदांसमोर वाजवायला उभा राहिला. राल्फ वॉन विल्यम्ससारख्या मोठ्या संगीतकाराने १९५१ मध्ये लॅरी ॲडलर या माउथ ऑर्गन वादकासाठी खास हार्मोनिकाची, म्हणजे आपल्याच वाद्याची रचना लिहिली. या गोष्टी त्या प्रमुखांना ऐकवायला मी परत गेलो नाही. माझ्या मुलांना मात्र सांगत आलो.

माझ्या टेबलावर आत्ताही एक उघडलेला बाजा आहे. एका विद्यार्थिनीचा तिसरा होल बोलत नव्हता. कव्हर काढलं, रीडप्लेट दिव्यासमोर धरली. पितळेची ती पातळ जीभ आणि तिची खाच यांच्यामधून प्रकाशाची केसाएवढी रेघ सगळीकडून सारखी दिसायला हवी. एका कडेला ती तुटली होती. लोकरीचा एक तंतू अडकला होता, स्वेटरच्या खिशातला असणार. चिमट्याने काढला, रीडला नखाने हलकंच उचलून सोडलं, आणि ती पुन्हा गायला लागली. तूही हे शिकून घे. रीडचा सूर उतरला तर टोकापाशी अगदी हलकं खरवडायचं, चढला तर रिव्हेटच्या, म्हणजे रीड जिथे पक्का ठोकलेला असतो त्या बाजूला. पण आधी जुन्या, टाकाऊ बाज्यांवर हात बसव. जोरात वाजवणाऱ्यांचा बहुधा ४ चा नाहीतर ५ चा ओढण्याचा रीड आधी थकतो, म्हणून मुलीला पहिल्यापासून हळू वाजवायची सवय लाव.

माझा स्वतःचा श्वास आता पूर्वीसारखा उरलेला नाही. लांब ओळ मध्येच तोडावी लागते. टूट्स थीलमान्स या बेल्जियन माउथ ऑर्गन वादकाला लहानपणापासून दमा होता, तरी तो नव्वदी ओलांडेपर्यंत वाजवत राहिला आणि २०१४ मध्ये थांबला. मी त्याचे शेवटच्या वर्षांतले तुकडे पुन्हा पुन्हा ऐकतो. सूर कमी झालेत, पण एकही सूर उगाच आलेला नाही. मी सध्या तेच शिकतोय. सकाळी उठून फक्त दुसऱ्या होलचा प आणि त्याच्या पोटातला म, एवढंच पंधरा मिनिटं. म अजूनही काही दिवस थोडा चढा लागतो. मग थांबतो, घसा सोडतो, पुन्हा आत येऊ देतो. ज्या दिवशी नेमका लागतो त्या दिवशी खोलीतली हवा बदलते, तू ऐकला आहेस.

ती मुलगी कधी सुरू करणार ते कळव. आणि तुझं काय? तू तिला शिकवायला लागलास की तुझा राहून गेलेला तिसऱ्या होलचा ध तुला सापडेल असं मला वाटतं. शिकवताना माझेही बरेच सूर असेच लागले.

तुझा,
जुना सोबती

ता. क. : वाजवून झालं की तिला बाजा होलची बाजू खाली करून तळहातावर चार-पाच वेळा हलकेच आपटायला शिकव, आतली ओल निघून जाते. डबीत बंद करण्याआधी थोडा वेळ उघडा राहू दे. आणि खाल्ल्यावर चूळ भरल्याशिवाय तोंडाला लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सांग.