भिंतीवरचा पांगारा

संपादक महोदय,

कालच्या अंकातली देशी झाडांच्या भित्तिचित्रांची बातमी वाचली. मुलांनी चित्रं जीव ओतून काढली आहेत, त्यांचं मनापासून कौतुक. पण छायाचित्रातला पांगारा पाहिला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

त्या भिंतीपासून चार पावलांवर खरा पांगारा होता. १९६८च्या पावसाळ्यात माझ्या वडिलांनी मनगटाएवढी फांदी तिथे खोचली, तिचंच ते झाड. फाल्गुनात अंगावर एक पान नसे, नुसती लाल फुलं, आणि उजाडल्यापासून भोरड्या, साळुंक्या, बुलबुल यांचा कालवा. २०२२ मध्ये पदपथासाठी दोन तासांत तो आडवा केला. मी अर्ज घेऊन धावले. राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांवरचं झाड ‘हेरिटेज’ ठरतं. तोडायचंच झालं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. म्हणजे इथे ५४. उत्तर मिळालं, “बाई, पांगाराच तो. ना फळ, ना धड लाकूड.” त्या ५४ पैकी एकही झाड मला आजवर कुणी दाखवू शकलेलं नाही. आणि आता त्याच जागी त्याचं चित्र, त्याचा सोहळा!

डहाणू-तलासरीकडे लग्नघरात वारली सवाशिणी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहितात. त्यात झाडं असतात, कारण ती दाराबाहेर उभी असतात. आपण आधी तोडलं, मग रंगवलं.

आणखी एक. बातमीत बहाव्याला ‘अमलतास’, पळसाला ‘पलाश’ आणि सावरीला ‘सेमल’ छापलं आहे. पळसाला पानं तीनच म्हणणाऱ्यांच्या वर्तमानपत्रात ही नावं का? गुलमोहरही देशी झाडांत घातला आहे. तो मादागास्करचा. आणि ज्याचं फूल राज्याचं फूल आहे, त्या ताम्हणाचा बातमीत उल्लेखही नाही. छापण्याआधी एखाद्या वनस्पतीशास्त्राच्या शिक्षकांना दाखवत जा, ही कळकळीची विनंती.

त्या भिंतीपुढचं सगळं आता काँक्रीट आहे. तिथली चार फूट माती मोकळी करून द्यावी, एवढं आपल्या वर्तमानपत्राने लावून धरावं. पांगाऱ्याची फांदी येत्या पावसाळ्यात मी आणते, पाणीही मीच घालेन.

आपली,
एक जुनी वाचक