कार्यशाळेत मावशी हव्यातच

सोलापूर,
१२ मे

प्रिय सुमे,

तुझं पत्र पोचलं. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी तुमच्या बालवाडीतल्या ताईंसाठी दोन दिवसांची मोंटेसरी कार्यशाळा घ्यायची आहे, तू काय काय घेतेस ते सविस्तर कळव, असं लिहिलंस. कळवते. पण त्याआधी तुझ्या यादीबद्दल विचारायचं आहे. यादीत सगळ्या शिकवणाऱ्या ताई आहेत, वर्गात मदत करणारी मावशी एकही नाही. का गं?

वर्ग डोळ्यांसमोर आण. ताई चटईवर बसून एका मुलाला दट्ट्यांचा ठोकळा, म्हणजे लहानमोठे लाकडी दट्टे आपापल्या खाचेत बसवायचं साधन, दाखवत असते. त्या वेळी बाकीच्या मुलांपाशी मावशी असतात. सांडलेलं पाणी, न निघणारी चप्पल, शू, गळणारं नाक, डब्याचं घट्ट झाकण, हे सगळं त्यांच्याकडे येतं. मोंटेसरी पद्धतीत ज्याला दैनंदिन जीवनाचे व्यवसाय म्हणतात, ते खरं म्हणजे हेच. साडेतीन वर्षांची मुलगी बटणांच्या चौकटीवर, म्हणजे बटणं लावायच्या सरावासाठी कापड ताणलेल्या लाकडी चौकटीवर, आठवडाभर खपते आणि मग स्वतःच्या फ्रॉकचं बटण लावायला बसते. बटण काजात अर्धं जातं, निसटतं, ती पुन्हा धरते. तेवढ्यात मावशी येतात आणि प्रेमाने, झटक्यात, लावून देतात. त्यांचं काय चुकलं? इथे थांबायचं असतं हे त्यांना कुणी कधी सांगितलेलंच नसतं. ताईने शिकून यायचं आणि मावशींनी अंदाजाने वागायचं, असं असेल तर एकाच खोलीत मुलाला दोन वेगळ्या शाळा भेटतात.

आणि हे आपल्या पद्धतीच्या मुळाशी धरूनच आहे. रोमच्या सान लोरेंझो वस्तीत ६ जानेवारी १९०७ ला या पद्धतीचं पहिलं बालगृह, म्हणजे मुलांची शाळा, उघडलं, तेव्हा दिवसभर मुलांजवळ राहणारी बाई शिक्षणशास्त्र शिकलेली नव्हती. ही पद्धत घडवणाऱ्या मारिया मोंटेसरीबाईंनी तिला साधनं कशी मांडायची, कशी दाखवायची ते समजावलं आणि मुलं काय करतात ते पाहिलं. मग आपल्या मावशींना ते का जमणार नाही?

मी इतर ठिकाणी पाहिलेल्या कार्यशाळांत मावशी असतात, पण सतरंज्या घालायला, चहा करायला आणि कप विसळायला. पाहुणे वक्ते पडद्यावर चित्रं दाखवत बोलतात, ताई वहीत उतरवून घेतात, शेवटी प्रमाणपत्रं आणि फोटो. मला ते बघवत नाही. आमच्याकडे त्या दिवशी चहा बाहेरून येतो आणि कप ज्याचा त्याने विसळायचा.

सकाळच्या पहिल्या सत्रात मी भाषण ठेवत नाही. एका ट्रेमध्ये दोन छोटे तांबे, एकात पाणी. या तांब्यातून त्या तांब्यात ओतायचं, तोंडाने अवाक्षर न काढता, समोर बसलेलीला प्रत्येक हालचाल वेगळी दिसेल अशा बेताने. ताईंना बोलल्याशिवाय राहवत नाही. ‘आता आपण काय करणार आहोत’ असं तोंडून येतंच. मावशींचं उलट. त्या गप्प बसतात, पण हात सराईत, म्हणून फार वेगात चालतो. भाकरी थापणाऱ्या, विड्या वळणाऱ्या हाताला सावकाश व्हायला वेळ लागतो. म्हणून ताई आणि मावशी अशा जोड्याच लावायच्या. एकीने करायचं, दुसरीने बघायचं, मग उलट. पाण्यानंतर ज्वारी, मग शेंगा सोलणं, खुर्ची न ओढता उचलून नेणं, चटईची गुंडाळी. कापडाच्या घड्या घालायला इथे सोलापुरात टॉवेल-नॅपकिनांची ददात नाही; विणीत किरकोळ दोष असलेले नॅपकिन स्वस्तात मिळतात. त्यांवर मधोमध रंगीत दोऱ्याचा टाका घातला की घडी कुठे मोडायची ते मुलाला दिसतं. तुमच्याकडे जुनं सुती लुगडं फाडूनही भागेल.

मग साधनं. ती मावशींच्या हातात द्यायचीच, नुसती पुसायला नव्हे. गुलाबी मनोऱ्यात दहा ठोकळे, सगळ्यात मोठा दहा सेंटीमीटरचा आणि सगळ्यात धाकटा एक सेंटीमीटरचा. तो धाकटा हमखास केरात जातो. जिने स्वतः बसून मनोरा रचला आहे, ती मावशी सुपलीत तो दिसला की उचलून जागेवर ठेवते, कारण तो नसला तर मनोरा पुरा होत नाही हे तिने अनुभवलेलं असतं.

तीन टप्प्यांचा पाठ ताईंना माहीत असतो, तरी पुन्हा घ्यावा. आधी नाव सांगायचं, मग ओळखायला लावायचं, शेवटी नाव विचारायचं. ही पाटी खरखरीत, ही गुळगुळीत. खरखरीत कोणती ते दाखव. ही कशी आहे? मूळ कल्पना सेगँ या फ्रेंच डॉक्टरांची. मूल दुसऱ्या टप्प्यावर चुकलं तर ‘चूक’ म्हणायचं नाही, साधन हसतमुखाने आवरायचं, पुन्हा केव्हातरी पहिल्यापासून. यावर फार वेळ घालवू नकोस.

वेळ घालवायचा तो निरीक्षणावर. माझ्या मते सगळ्या प्रशिक्षणाचा जीव तिथे आहे. प्रत्येकीने कोपऱ्यात बसून एकाच मुलाकडे अर्धा तास बघायचं आणि दिसलं तेवढंच लिहायचं. पहिल्या खेपेला वह्यांत ‘चंचल आहे’, ‘हट्टी आहे’, ‘लक्ष नाही’ असलं येतं. ते खोडायला लावते. मग हळूहळू येऊ लागतं की दट्टे काढले, परत बसवले, खिडकीतून रिक्षा बघितली, परत आला, पुन्हा सगळे काढले. हे वाचलं की कळतं, लक्ष नाही असं आपण म्हणत होतो ते मूल एकच काम मनाने पुन्हा पुन्हा करत होतं. ज्या मावशींना लिहिता येत नाही त्यांनी सांगायचं, जोडीदार ताईने लिहायचं. त्यांचं सांगणं पुष्कळदा जास्त नेमकं असतं.

आमच्या पूर्व भागात तर त्यांच्यावाचून पान हलत नाही. विणकरांच्या घरची मुलं तेलुगू बोलत येतात, काहींच्या घरी कन्नड, काहींच्या उर्दू. जूनमध्ये रडणारं मूल काय म्हणतंय ते ताईला कळत नाही, शेजारच्याच गल्लीत राहणाऱ्या मावशींना कळतं. म्हणून शब्दपाठाच्या सत्रात मी त्यांना ताईंच्या शेजारी बसवते. वस्तूचं नाव आधी घरच्या भाषेत, मग मराठीत. खरखरीत कागदाच्या अक्षरांवर बोट फिरवण्याची वेळ त्यानंतर येते.

तारा‌बाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणातल्या दोघींनी आपल्याला वाट दाखवून ठेवली आहे. ताराबाई १९४५ मध्ये बोर्डी या खेड्यात गेल्या. मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तर बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. पानं, बिया, शिंपले, खडे हीच साधनं केली. तुमचा खर्चाचा प्रश्न आहे म्हणून सांगते, संपूर्ण संच विकत घेईपर्यंत थांबू नका. दट्टे, मनोरा मात्र चांगल्या सुताराकडून मापात करून घ्या. एक मिलिमीटरचा फरक पडला की चूक मुलाला आपली आपण सापडत नाही आणि साधनाचा हेतूच जातो.

आता पैशांचं. मावशींना सुट्टीच्या दिवशी बोलावलंस तर त्यांचा कामाचा दिवस बुडतो. आमच्याकडे बऱ्याच जणी घरी विड्या वळतात, मजुरी हजार विड्यांवर. विड्या कमी वळल्या की पैसे कमी. तेव्हा कार्यशाळेचे दिवस पगारी धरायचे, हे संस्थेकडून आधी कबूल करून घे आणि लेखी घे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शिक्षकांनी वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय. संस्थाचालकांशी बोलताना ते पुढे कर आणि मावशींचेही तास त्याच हिशेबात धरायचा आग्रह धर. चिडून नको, पण मागे हटू नकोस.

दोन दिवसांत सगळं होणार नाही. मी कार्यशाळेनंतर पंधरवड्याने वर्गावर जाऊन बसते, काही न बोलता. मुलं कामात असताना मावशी ‘चला, डबे काढा’ म्हणून हाक मारतात का, हे आधी बघते. सलग तीन तासांचा कामाचा वेळ त्या एका हाकेने मोडतो. मुलं गेल्यावर ताई-मावशींबरोबर बसायचं, दोघींनी टिपलेलं वाचायचं, पुढच्या आठवड्यात एकच गोष्ट बदलायची ठरवायची. तुझ्याकडे हे कोण करेल ते आत्ताच ठरव, नाहीतर जुलैत सगळं पूर्ववत होतं.

वेळ सकाळी साडेसात ते साडेअकरा ठेव. इथे पारा बेचाळिसाच्या पुढे जातो, दुपारी माणसं बसून असतात, शिकत नाहीत. सांगलीला एवढं ऊन नसेल, तरी सकाळच बरी.

मी येते. जूनचा पहिला आठवडा मला मोकळा आहे. तारखा तू मावशींना विचारून ठरव आणि लगेच कळव, म्हणजे गाडीचं तिकीट काढता येईल. नॅपकिन आणि टाके घालायचा दोरा इथूनच आणते. छोटे तांबे तेवढे जोडीला दोन या हिशेबाने तू जमव, सगळे एकसारखे हवेत. आईंना नमस्कार सांग. त्यांच्यासाठी शेंगाचटणी घेऊन येतेच आहे.

तुझीच,
सोलापूरची मैत्रीण