पिलाटेस म्हणजे केवळ पोट कमी करण्याचा व्यायाम नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील पिलाटेसवरचा लेख उत्सुकतेने वाचला. लेखाचा सारा भर चित्रतारकांवर, यंत्रांच्या छायाचित्रांवर आणि पोट किती आठवड्यांत सपाट होते यावर होता. गेली तीन वर्षे हा व्यायाम नियमित करणारी एक निवृत्त शिक्षिका म्हणून मला वाटते की, त्यात मूळ गोष्टच राहून गेली.

या व्यायामपद्धतीचे जनक, १८८३ साली जर्मनीत जन्मलेले जोसेफ पिलाटेस लहानपणी दमा आणि मुडदुसाने त्रस्त होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते इंग्लंडमध्ये असल्याने शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांना आइल ऑफ मॅन बेटावरील छावणीत स्थानबद्ध केले गेले. पुढे १९२६ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले आणि पत्नी क्लारा यांच्यासह त्यांनी तेथे व्यायामशाळा चालवली. दुखापतींनी बेजार झालेले नर्तक त्यांच्याकडे येऊ लागले. आपल्या पद्धतीला ते स्वतः ‘कंट्रोलॉजी’ म्हणत, म्हणजे हालचालीवरचे नियंत्रण हेच त्यांच्या लेखी मुख्य होते.

हे नियंत्रण म्हणजे काय, ते मला पहिल्याच दिवशी कळले. सतरंजीवर उताणे झोपवून, गुडघे दुमडायला लावून पिलाटेस शिकवणाऱ्या बाईंनी माझ्या कमरेखालच्या पोकळीत आपला तळहात सरकवला आणि म्हणाल्या, “माझ्या हातावरचा दाब वाढवू नका, कमीही होऊ देऊ नका. आता एक पाऊल जमिनीवरून वीतभर उचला.” यात कसले आले कष्ट, असे मनात म्हणत मी पाऊल उचलले मात्र, कंबर कमानीसारखी वर गेली, मान ताठरली आणि श्वास रोखला गेला. पोटाचा सर्वांत आतला, कमरपट्ट्यासारखा वेढा घालणारा स्नायू, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, मणक्यालगतचे बारीक स्नायू आणि श्वासपटल यांनी मिळून पाठीला आधार द्यायचा असतो. माझ्या बाबतीत ते काम मान आणि खांदेच करू पाहत होते. हा आतला आधार टिकवून हातपाय सावकाश हलवत राहिले की ताकद येते. ‘रिफॉर्मर’ या स्प्रिंगच्या यंत्रावर तर काही व्यायामांत स्प्रिंग हलकी केली की काम अधिक अवघड होते, कारण तोल सांभाळण्याचा भार शरीरावरच येतो.

ताकदीहूनही मला मोलाची वाटते ती शरीराची जाण. एकतीस वर्षे उजवा हात उंचावून फळ्यावर लिहिल्याने माझा उजवा खांदा वर चढला आहे, हे मला कधी जाणवलेच नव्हते. उताणे झोपल्यावर डावे खांद्याचे पाते जमिनीला टेकते आणि उजवे अधांतरी राहते, हे ध्यानात आले तेव्हा मी चकित झाले. आता बसथांब्यावर उभी असतानाही सगळा भार उजव्या पायावर गेला की लगेच कळते आणि तो मी दोन्ही पायांवर वाटून घेते.

आपली योगासने असताना हे परके कशाला, असे काही वाचक विचारतील. मी सूर्यनमस्कार सोडलेले नाहीत. मात्र दोन्हींतील श्वासाची रीत निराळी आहे. आमच्या योगवर्गात दीर्घ श्वसन करताना पोट फुगू दिले जाते; पिलाटेसमध्ये पोट हलके आत धरून श्वास बरगड्यांच्या बाजूंना आणि पाठीकडे न्यायचा असतो. ‘हंड्रेड’ या व्यायामात हात वरखाली हलवत, पाच अंक मोजेपर्यंत श्वास आत आणि पाच अंकांत बाहेर, असे दहा वेळा करायचे असते.

अतिशयोक्ती मलाही नको आहे. वैद्यकीय संशोधनाचे पुरावे तपासणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेचा कंबरदुखीवरील अभ्यासांचा २०१५ चा आढावा सांगतो की, नाममात्र उपचारांपेक्षा पिलाटेसचा लाभ अधिक दिसतो. पण इतर व्यायामांहून ते सरस असल्याचा निर्णायक पुरावा नाही. शिवाय हाडे ठिसूळ झालेल्यांनी पाठ गोल करून पुढे वाकण्याचे प्रकार टाळायला हवेत. आपल्या लेखात याचा उल्लेखच नव्हता. माझ्या वयाच्या अनेक स्त्रिया आपली पुरवणी वाचून वर्गात नाव घालतील. तेव्हा प्रवेश देण्याआधी हाडांची, रक्तदाबाची आणि जुन्या दुखण्यांची चौकशी न करणाऱ्या वर्गात जाऊ नये, एवढी सूचना तरी पुढील अंकात ठळकपणे छापावी, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, पुणे